‘व्हिप होता, नाइलाज होता’ हे आमदाराचं उत्तर किती खरं मानायचं?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आमच्या आमदारांनी एका विधेयकाला मतदारसंघातल्या सभांमधून उघड विरोध केला. अधिवेशनात विधेयक आलं तेव्हा मात्र ते पक्षाबरोबर राहिले. गावात लोकांनी जाब विचारला तर म्हणाले, ‘व्हिप होता. मोडला असता तर आमदारकी गेली असती.’ हे खरं आहे का? आणि खरं असेल तर माणूस निवडून पाठवायचा कशाला? पक्षाला नुसता आकडा कळवला तरी चालेल.

यातला पहिला प्रश्न कायद्याचा आहे. दुसऱ्यात राग आहे, आणि तो रास्त आहे. पण दोन्हींच्या मागे खरी अडचण एकच दिसते: व्हिपचं, म्हणजे मतदानाबद्दलच्या पक्षाच्या आदेशाचं, नाव घेतलं की आमदाराची मतदारांना उत्तर द्यायची जबाबदारी संपते का? माझं मत विचाराल तर क्वचित संपते, बहुतेक वेळा संपत नाही. मात्र तुमच्या आमदारांच्या बाबतीत नेमकं काय झालं हे चार गोष्टींवर अवलंबून आहे: विधेयक कोणतं होतं, मतदान कोणत्या पद्धतीनं झालं, व्हिप कोणी काढला आणि तो कोणत्या शब्दांत होता. हे माहीत नसताना त्यांना खोटं ठरवणं बरोबर नाही, आणि त्यांचं म्हणणं जसंच्या तसं मान्य करणंही बरोबर नाही.

मी विधानभवनात एका पक्षाच्या विधिमंडळ कार्यालयात अनेक वर्षं काम केलं. प्रतोदांची पत्रं तयार करणं, ती सदस्यांपर्यंत पोचवणं, पोच घेणं आणि उपस्थितीच्या याद्या ठेवणं हे माझं काम होतं. पुढे लिहिते आहे ते त्या अनुभवातून. गोंधळ नको म्हणून आमदारांना हजेरीच्या आणि मतदानाच्या सूचना देणाऱ्या पक्षाच्या माणसाला प्रतोद म्हणते आणि त्याच्या लेखी आदेशाला व्हिप. बोलताना आपण दोन्हीला व्हिपच म्हणतो.

प्रतोदाचं बहुतेक काम बातमीत येत नाही. दिवसाच्या कामकाजाचा क्रम हातात आला की त्याचा दिवस सुरू होतो. आज कोणती विधेयकं आहेत, त्यावर आपल्याकडून कोण बोलणार, पक्षाच्या वाट्याला आलेली मिनिटं कोणात कशी वाटायची, ज्यांची लक्षवेधी (मंत्र्यांचं एखाद्या प्रश्नाकडे लक्ष वेधणारी सूचना) लागली आहे ते सदस्य मुंबईत पोचले आहेत की अजून गाडीतच आहेत, हे सगळं त्याला सकाळीच माहीत असावं लागतं. कामकाज सल्लागार समितीत काय ठरलं ते सदस्यांना सांगायचं. समित्यांवर कोणाची नावं द्यायची यावर रुसवेफुगवे होतात, तेही त्यानंच ऐकायचे. सत्ताधारी पक्षाच्या प्रतोदाला आणखी एक काळजी असते ती गणसंख्येची. विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि कामकाज चालवायला एक दशांश, म्हणजे २९ जण हजर लागतात. हा आकडा तुम्हाला लहान वाटेल. पुरवणी मागण्यांवरची चर्चा रात्री उशिरापर्यंत रेंगाळली, बाके रिकामी झाली आणि समोरून कोणी गणसंख्येचा मुद्दा काढला की तो फार मोठा होतो. मग लॉबीत, उपाहारगृहात, आमदार निवासात फोन सुरू होतात.

हे झालं वरून खाली येणारं काम. त्याहून महत्त्वाचं काम उलट्या दिशेचं आहे आणि चांगला प्रतोद त्यावरूनच ओळखू येतो. या विधेयकावर कोकणातले आपले सदस्य नाराज आहेत, अमुक कलम तसंच राहिलं तर दोघे-तिघे मतदानाला येणार नाहीत, अमुक तालुक्यात आंदोलन पेटलं आहे, ही खबर गटनेत्यापर्यंत, म्हणजे सभागृहातल्या पक्षाच्या नेत्यापर्यंत, आणि मंत्र्यांपर्यंत वेळेत पोचवणं हे प्रतोदाचं काम. मतदान होण्याआधीच निकाल त्याच्या वहीत लिहिलेला असावा लागतो. तसा तो लिहिता येण्यासाठी प्रत्येक सदस्याशी रोज बोलावं लागतं आणि सदस्यानंही त्याच्यापाशी मन मोकळं करावं लागतं. ज्या प्रतोदाशी आमदार खरं बोलत नाहीत त्याच्या व्हिपला फारसा अर्थ उरत नाही, मग तो कितीही कडक शब्दांत लिहा.

आता त्या कागदाकडे येऊ. व्हिप तीन प्रकारचे असतात. एका ओळीचा व्हिप म्हणजे अमुक दिवशी मतदान आहे याची सूचना. दोन ओळींचा म्हणजे हजर राहा. तीन ओळींचा म्हणजे हजर राहा आणि पक्ष सांगेल तसंच मत द्या. पूर्वी मजकुराखाली खरोखरच तितक्या रेघा मारत. आपल्याकडे व्यवहारात पहिल्या दोघांना कोणी फारसं विचारत नाही, त्यामुळे महत्त्वाचं काही असलं की पक्ष थेट तीन ओळींचाच काढतात. पत्रात तारीख, विषय, कसं मत द्यायचं हे लिहिलेलं असतं आणि खाली प्रतोदाची सही. प्रत्यक्ष हातात देऊन पोच घेणं सगळ्यात पक्कं. सदस्य भेटला नाही तर ईमेल, फोनवर संदेश, खोलीच्या दारावर प्रत चिकटवणं असे मार्ग वापरले जातात. पुढे वाद झाला तर पहिला प्रश्न हाच येतो: व्हिप मिळाला होता का? म्हणून आमच्या कार्यालयात पोचेची फाइल आम्ही फार जपायचो.

कायदा काय म्हणतो? १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीनं संविधानात दहावं परिशिष्ट आलं. तोच आपला पक्षांतरबंदी कायदा. त्यात ‘व्हिप’ हा शब्द कुठेही नाही. तिथे लिहिलं आहे की राजकीय पक्षानं, किंवा त्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीनं किंवा यंत्रणेनं दिलेल्या निर्देशाविरुद्ध सदस्यानं मत दिलं किंवा तो मतदानापासून दूर राहिला, तर तो अपात्र ठरू शकतो. म्हणजे विरोधी मत द्यायलाच हवं असं नाही. गैरहजर राहणं, सभात्याग करणं हेही त्यात बसतं. पण त्याच वाक्यात दोन वाटा ठेवल्या आहेत, आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं त्या फार महत्त्वाच्या आहेत. पक्षाची आधी परवानगी घेतली असेल तर अपात्रता येत नाही. आणि मतदानानंतर पंधरा दिवसांच्या आत पक्षानं ते कृत्य माफ केलं तरीही येत नाही. म्हणजे व्हिप मोडला की दुसऱ्या दिवशी आमदारकी गेली, असं काही आपोआप घडत नाही. पक्षाला ते खटकलं पाहिजे, कोणीतरी विधानसभा अध्यक्षांकडे अर्ज केला पाहिजे, सुनावणी झाली पाहिजे आणि मग अध्यक्षांनी निर्णय दिला पाहिजे.

त्या निर्णयाला किती वेळ लागतो, हा वेगळाच विषय. २०२० साली मणिपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अशा अर्जांवर साधारण तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. आपल्याकडे शिवसेनेतल्या जून-जुलै २०२२ मधल्या फुटीवरच्या अर्जांचा निकाल लागला १० जानेवारी २०२४ रोजी. आणि अपात्र ठरलं तरी माणूस राजकारणातून उठत नाही. कर्नाटकात २०१९ मध्ये अपात्र ठरलेल्या आमदारांना सर्वोच्च न्यायालयानं पोटनिवडणूक लढायची मोकळीक दिली आणि त्यातले बरेच जण काही आठवड्यांत पुन्हा निवडून आले.

व्हिप कशालाही लागू होतो का? इथे १९९२ चा किहोटो होलोहान खटल्याचा निकाल बघावा लागतो. पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी दहावं परिशिष्ट वैध ठरवलं. पण त्याबरोबर हेही सांगितलं की ज्या निर्देशाच्या भंगामुळे सदस्यत्व जाईल तो निर्देश दोनच प्रकारच्या मतदानापुरता असावा. एक, सरकारवरचा विश्वास किंवा अविश्वास. दुसरा, ज्या धोरणावर आणि कार्यक्रमावर पक्षानं लोकांकडे मतं मागितली त्याच्या गाभ्याशी संबंधित प्रस्ताव. याशिवाय, व्हिप मोडल्यास अपात्रता येईल हे त्या व्हिपमध्येच स्पष्ट लिहिलेलं असणं इष्ट आहे, असंही न्यायालयानं म्हटलं.

व्यवहारात मात्र पक्षांनी ही मर्यादा कधी मनावर घेतली नाही. साध्या दुरुस्ती विधेयकालाही तीन ओळींचा व्हिप निघतो, आणि अमुक विषय पक्षाच्या कार्यक्रमाच्या गाभ्याचा आहे की नाही हे ठरवणार कोण? आमदार म्हणतो, मी कशाला जोखीम घेऊ? आमदारांची ही भीती खरी असते, मी ती जवळून पाहिली आहे. पण तुमच्या आमदारांच्या विधेयकाचा पक्षाच्या जाहीरनाम्याशी काही संबंध नसेल तर ‘आमदारकी गेली असती’ हे विधान बरंच ताणलेलं आहे. ‘जाण्याचा धोका होता’ इतकं म्हणाले असते तर ते खरं झालं असतं.

यापुढची गोष्ट बहुतेक मतदारांना माहीतच नसते. आपल्याकडची बहुसंख्य विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाकांवरून ‘होय’ येतं, ‘नाही’ येतं, अध्यक्ष सांगतात होयचं बहुमत, आणि पुढचा विषय सुरू. कोणी काय म्हटलं याची नावानिशी नोंद कुठेच राहत नाही. नोंद हवी तर कोणीतरी मतविभागणी मागावी लागते, आमच्या भाषेत पोल मागावा लागतो. मग घंटा वाजते, दारं बंद होतात, नावं लिहिली जातात. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठरावदेखील आवाजी मतदानानं मंजूर झाला, आणि विरोधी बाकांवरून मतविभागणीची मागणी झाल्यावर त्यावरून मोठं वादळ उठलं. पोल झाला नाही तर कोणत्या आमदारानं कोणत्या बाजूनं मत दिलं हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. तेव्हा व्हिपचं बंधन खऱ्या अर्थानं लागू होतं ते नोंद होणाऱ्या मतदानात. तुमच्या आमदारांचं विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं असेल तर ते ‘नाही’ म्हणाले असते किंवा गप्प बसले असते तरी ते सिद्ध करायला कागदावर काही उरलं नसतं. त्यांनी त्या दिवशी काय केलं हे त्यांनाच विचारायला हवं.

काही मतदानं अशी आहेत की तिथे व्हिप मोडला म्हणून आमदारकी जात नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतात, पण पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून दहाव्या परिशिष्टाखाली अपात्र होत नाहीत. २००६ च्या कुलदीप नय्यर खटल्यात हे स्पष्ट झालं आहे. विधान परिषदेसाठी आमदार मत देतात ते तर गुप्तच असतं. म्हणून २० जून २०२२ ला मतं फुटली, पुढे जुलै २०२४ मध्येही फुटली, आणि पक्षांना नावं शोधत बसावं लागलं. राष्ट्रपती निवडणुकीत पक्ष व्हिप काढूच शकत नाहीत. पक्षाच्या बैठकीला हजर राहा असं पत्र प्रतोद जरूर काढतो, वर्तमानपत्रं त्यालाही व्हिप म्हणतात. पण दहाव्या परिशिष्टातलं हे कलम सभागृहातल्या मतदानाबद्दल आहे. बैठकीला न जाण्यावरून अपात्रता मागायची असेल तर ‘स्वेच्छेनं पक्ष सोडला’ या दुसऱ्या कारणाखाली जावं लागतं. ते वर्तनावरून ठरतं, आणि १९९४ च्या गोव्यातल्या रवी नाईक प्रकरणापासून न्यायालयानं मान्य केलं आहे की त्यासाठी लेखी राजीनामा असायलाच हवा असं नाही.

आता प्रश्न येतो की व्हिप काढायचा अधिकार कोणाचा. महाराष्ट्राला हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जितका जाचला तितका बहुधा दुसऱ्या कोणत्या राज्याला जाचला नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे मुख्यमंत्री म्हणून देवेंद्र फडणवीस यांचा आणि त्यांच्याबरोबर अजित पवारांचा शपथविधी झाला तेव्हा अजित पवार राष्ट्रवादीचे गटनेते होते. त्याच दिवशी पक्षानं त्यांना त्या पदावरून काढलं आणि जयंत पाटलांकडे जबाबदारी दिली. विश्वासमत झालं असतं तर ५४ आमदारांना कोणाचा व्हिप लागू झाला असता? त्या तीन-चार दिवसांत विधानभवनाच्या आवारात दुसरं काही बोललं जात नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं २६ तारखेला खुल्या मतदानाचा आदेश दिला, त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि प्रश्न अनुत्तरितच राहिला.

तो उत्तर मागायला परत आला जून २०२२ मध्ये. २१ जूनला शिवसेनेचे प्रतोद सुनील प्रभू यांनी आमदारांना बैठकीचं पत्र पाठवलं. त्याच दिवशी पक्षानं एकनाथ शिंदे यांना गटनेतेपदावरून दूर करून अजय चौधरींना नेमलं. तिकडे शिंदे यांच्याबरोबरच्या आमदारांनी ठराव केला की गटनेते शिंदेच, आणि प्रतोद भरत गोगावले. ३ जुलैला अध्यक्षपदाची निवडणूक होती. एकाच पक्षाच्या आमदारांना दोन प्रतोदांचे, दोन उमेदवारांसाठीचे, दोन व्हिप. निवडून आलेल्या अध्यक्षांनी त्यानंतर गोगावले यांना मान्यता दिली आणि ४ जुलैला सरकारनं १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वास जिंकला.

११ मे २०२३ रोजी या वादावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आला. त्यातलं व्हिपबद्दलचं विधान मला सगळ्यात मोलाचं वाटतं: गटनेता आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे सभागृहातल्या त्याच्या आमदारांच्या गटाचा नाही. सभागृहातल्या बहुसंख्य आमदारांनी जमून आपला प्रतोद ठरवायचा ही वाट न्यायालयानं बंद केली आणि गोगावले यांना मान्यता देण्याचा तो निर्णय बेकायदा ठरवला. मला हे तर्काला धरून वाटतं. आमदार पक्षाच्या चिन्हावर निवडून येतो, तिकीट पक्ष देतो, जाहीरनामा पक्षाचा असतो. प्रतोद आमदारांनीच नेमायचा म्हटलं तर फुटणाऱ्यांनी आधी प्रतोद बदलायचा आणि मग न फुटलेल्यांना व्हिप बजावून अपात्र करायचं, असा उलटा कारभार शक्य होतो.

पण मूळ पक्ष कोणता हेच वादात असेल तर? तो निर्णय अध्यक्षांकडे गेला. १० जानेवारी २०२४ ला त्यांनी सांगितलं की पक्षात दोन गट पडले तेव्हा शिंदे गट हाच खरा पक्ष होता, म्हणून प्रभूंचा अधिकार संपला आणि गोगावले यांची नेमणूक वैध ठरली. अपात्र मात्र कोणत्याही बाजूचा कोणी झाला नाही. या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. माझं मत असं की विधिमंडळातलं संख्याबळ हा ‘खरा पक्ष’ ठरवण्याचा मुख्य निकष झाला तर मे २०२३ च्या निकालानं बंद केलेलं दार मागच्या बाजूनं उघडतं. ज्यांना हे पटत नाही असे माझे जुने सहकारी आहेत. त्यांचं म्हणणं, पक्षाची घटना आणि पदाधिकाऱ्यांच्या याद्या इतक्या अर्धवट ठेवल्या जातात की संख्येखेरीज हाताशी दुसरं काहीच उरत नाही. ही अडचण खरी आहे. प्रतोदाच्या नेमणुकीचं पत्र पक्षाध्यक्षाच्या सहीचं, तारखेचं, विधिमंडळ सचिवालयाच्या आवक शिक्क्याचं असलं पाहिजे, हा आग्रह आम्ही कार्यालयात का धरायचो हे अशा वेळी कळतं.

नगरपालिका आणि जिल्हा परिषदांत हाच खेळ लहान मैदानावर चालतो. तिथे १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम लागू होतो आणि वाद जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातो. सदाशिव पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००० साली बजावलं की अपात्रतेचे परिणाम गंभीर असल्यानं व्हिप काढणाऱ्याचा अधिकार आणि पुढची प्रक्रिया काटेकोर तपासली पाहिजे. तुमच्या ओळखीत कोणी नगरसेवक असेल तर त्यांना एवढं नक्की सांगा की व्हिप हातात आला की आधी सही कोणाची आहे ते बघावं.

आता मूळ मुद्द्यावर येते. व्हिप निघाला, विषय गंभीर आहे, पोल होणार हे नक्की आहे आणि आमदाराचं मन मानत नाही. त्याच्या हातात काय उरतं? बरंच काही उरतं. सभागृहात बोलायला व्हिप आड येत नाही. दहाव्या परिशिष्टातलं हे कलम मतापुरतं आहे, भाषणापुरतं नाही. पक्षाला भाषण आवडलं नाही तर पक्ष नाराज होईल, पुढच्या वेळी बोलायला वेळ देणार नाही, पण विधेयकातल्या उणिवा दाखवणारं भाषण केलं म्हणून आमदारकी जात नाही. दुरुस्ती सुचवता येते. विधेयक संयुक्त समितीकडे पाठवा अशी मागणी करता येते. मंत्र्यांकडून सभागृहात आश्वासन घेता येतं, आणि ते आश्वासन पुढे आश्वासन समितीच्या यादीत जातं, हवेत विरून जात नाही. आणि सगळ्यात सरळ वाट म्हणजे आधी लेखी परवानगी मागणं.

एका भूसंपादनाच्या विषयावर आमच्या पक्षाच्या एका सदस्याच्या तालुक्यात लोक फार संतापलेले होते. त्यांनी शेवटच्या दिवशी गायब होण्याऐवजी अधिवेशनाच्या सुरुवातीलाच प्रतोदांना सगळं सांगितलं. प्रतोद त्यांना घेऊन गटनेत्यांकडे गेले, तिथून मंत्र्यांकडे. मागणी पूर्ण मान्य झाली नाही. पण मोबदल्याबद्दल मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं, या सदस्यानं आपल्या भाषणात हरकती स्पष्ट मांडल्या, आणि मतदानाला गैरहजर राहायची परवानगी त्यांना लेखी मिळाली. त्या परवानगीच्या पत्राची प्रत मीच फाइलला लावली. मतदारांसमोर उभं राहताना त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही होतं, आणि पक्षाचंही काही बिघडलं नाही. हे शक्य झालं ते प्रतोद ऐकणारे होते म्हणून, आणि सदस्यानं तोंड उघडलं म्हणून. दोन्ही लागतं.

हे प्रत्येक वेळी जमतं असं मी म्हणणार नाही. काठावरचं बहुमत असेल तर एकेका मताची किंमत असते. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी त्या दिवशी पक्षाचा निर्णय झुगारून विरोधात मत दिलं आणि पक्षानं त्यांना काढून टाकलं. अशा दिवशी कोणताही प्रतोद कोणालाही गैरहजेरीची परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. सरकार राहणार की जाणार या प्रश्नावर मतदारानं पक्षाकडे बघूनच मत दिलेलं असतं. तिथे व्हिपचा धाक मला पूर्ण समर्थनीय वाटतो.

माझी तक्रार आहे ती बाकीच्या शेकडो मतदानांबद्दल. ब्रिटनच्या संसदेतून आपण ही पद्धत घेतली. तिथे व्हिप मोडणाऱ्याला पक्ष संसदीय गटातून काढू शकतो, पण त्याची जागा शाबूत राहते. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटवरच्या मतदानानंतर बोरिस जॉन्सन यांनी आपल्याच २१ खासदारांना पक्षाच्या गटाबाहेर काढलं, तरी ते खासदार राहिले. त्यामुळे तिथल्या प्रतोदाला माणसं समजावून वळवावी लागतात. आपण १९८५ मध्ये कायद्याचं हत्यार प्रतोदाच्या हातात दिलं आणि समजावण्याची गरज कमी झाली. घाऊक फूट त्यानं थांबली म्हणावं तर तेही नाही. गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार आणि २०२२ मध्ये आठ आमदार दोन-तृतीयांशांच्या तरतुदीच्या आधारानं (पक्षाच्या इतक्या आमदारांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं ठरवलं तर अपात्रता येत नाही) भाजपमध्ये गेले. म्हणजे एकटा माणूस एका विधेयकावर सद्सद्विवेकानं वेगळं मत देऊ शकत नाही, पण पुरेसे लोक मिळून गेले तर त्यांना वाट आहे. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीनं सुचवलं होतं की व्हिपभंगाची अपात्रता विश्वास-अविश्वासासारख्या मोजक्याच मतदानांपुरती ठेवावी. ते अजून झालेलं नाही. झालं तर प्रतोदांना पुन्हा सदस्यांच्या खोल्यांवर जाऊन बसावं लागेल, विधेयकं नीट वाचावी लागतील, आणि मंत्र्यांनाही आपल्या बाकांवरच्या हरकती आधी ऐकाव्या लागतील. मला ते हवं आहे.

तोवर तुम्ही काय करू शकता ते सांगते. तुमच्या आमदारांना भेटा आणि रागावर न जाता विचारा. व्हिप लेखी होता का, असेल तर दाखवाल का? तो गुप्त कागद नसतो, कित्येकदा वर्तमानपत्रांत त्याचा फोटो छापून येतो. मतविभागणी झाली की आवाजी मतदान? तुम्ही विधेयकावर बोललात का? दुरुस्ती दिलीत का? पक्षाच्या बैठकीत हा विषय काढलात का, प्रतोदांना आधी सांगितलंत का, परवानगी मागितलीत का? यातलं सभागृहात घडलेलं सगळं विधानसभेच्या छापील कार्यवाहीत सापडतं. त्या दिवसाची कार्यवाही काढून त्यांचं नाव शोधा. ते बोलले असतील, हरकती घेतल्या असतील आणि शेवटी पक्षाबरोबर मत दिलं असेल, तर त्यांचं ‘नाइलाज होता’ मी मान्य करीन. त्या संपूर्ण चर्चेत त्यांचं नाव कुठेच आलं नसेल, तर त्यांना व्हिपनं गप्प बसवलेलं नाही.